एक टेकडी अलीकडे

बुधवारी सर्वेक्षणाचा अहवाल कॉलेजात आला. घोडटेक या टेकडीवर नोंद घेण्याजोगी एकही वनस्पती आढळली नाही, असं त्यात लिहिलं होतं. साळुंके सरांनी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. म्हणाले, "बाई, हे माझ्या हातनं झालंय." त्यानंतर ते नऊ महिने जगले.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते आणि सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. विषय वेगळे, पण ग्रंथालयामागच्या लांबट खोलीत त्यांचं हर्बेरियम होतं, म्हणून रोजची गाठ पडे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह. पत्र्याची कपाटं, त्यांत जाड कागदांच्या चळती, प्रत्येक कागदावर एकेक झाड दोऱ्यानं टाचून बसवलेलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी: नाव काय, कुठे मिळालं, कधी, कुणी आणलं. त्या खोलीला डांबरगोळ्यांचा वास होता आणि सरांनाही तोच. ते ग्रंथालयात आले की पुस्तकातून मान वर न करता मला कळे. निवृत्त झाल्यावरही ते साडेदहाला येत राहिले. किल्ली त्यांच्याकडेच राहिली. ती परत मागायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मागून ती द्यायची कुणाला, हाही प्रश्नच होता.

सर कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातले. सगळी नोकरी शहरात झाली, शिकवलं इंग्रजीत, पण बोलणं गावाकडचंच राहिलं. वर्गात लॅटिन नाव स्वच्छ उच्चारायचे आणि त्याच दमात म्हणायचे, "लई नाजूक हाय, बोट लावू नका." कुणी विद्यार्थी "सर, ही वनस्पती मला डोंगरावर सापडली" म्हणाला की थांबवायचे. "सापडतो तो चोर. झाड भेटतं." आणि नुसतं पान घेऊन नाव विचारायला आलेल्याला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "फूल दाखव, मग नाव सांगतो." प्राचार्यांनाही हेच उत्तर मिळालेलं मी ऐकलं आहे.

कन्नडकडे जाणाऱ्या एसटीचे वाहक त्यांना ओळखत. दोन थांब्यांच्या मध्ये, जिथे नुसता दगड नि बाभूळ, तिथे सरांसाठी घंटी वाजायची. एकदा मी बहिणीकडे कन्नडला निघाले होते, तेव्हा त्याच गाडीत सर होते. वाहक म्हणाला, "काय सर, आज कंचं गवत?"

"गवत तुझ्या म्हशीला. मी पाव्हण्याकडं चाललोय."

"पाव्हणा दिसंना कुठं."

"जमिनीखाली झोपलाय. पाऊस झाला की उठतो."

गाडी हसली. सर उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि मागे न बघता चढणीला लागले.

त्यांची एक सवय मला फार आवडे. झाडं वाळवताना ती जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून ठेवतात. महिन्यांनी, कधी वर्षांनी ती घडी उघडली की सर झाड बाजूला ठेवायचे आणि आधी तो कागद वाचून काढायचे. आणि जे वाचलं ते आजचंच असल्यासारखं मला येऊन सांगायचे. दुष्काळाच्या त्या वर्षांत, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि कॉलेजच्या मागच्या दारी टँकर उभा असायचा, तेव्हा एक दिवस ते दारात येऊन म्हणाले, "बाई, ऐकलं का, जायकवाडीचे दरवाजे उघडले. गोदाकाठच्या गावांना इशारा हाय." मी क्षणभर उठलेच. त्यांच्या हातात पिवळा पडलेला कागद होता. मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. ते तिथेच स्टुलावर बसून ती सगळी बातमी मला वाचून दाखवत राहिले, कोणत्या गावात किती पाणी चढलं ते, आणि आम्ही दोघांनी ती ऐकली.

आता सरांच्या खोट्याबद्दल लिहायला हवं.

सर तरुण असताना त्यांना घोडटेकावर कंदीलपुष्पाची एक जात भेटली होती. फूल कंदिलासारखं, बोटभर. वेल इतकी बारीक की गवतात दिसतच नाही. पावसाळ्याचे दोन महिने वर, बाकी वर्षभर कंद होऊन जमिनीत. गुराखी तिला खरपुडी म्हणतात आणि कंद खातात. सरांनी पहिल्या चिठ्ठीवर जागा अचूक लिहिली, कोणत्या उतारावर, कोणत्या नाल्याच्या वर. बाहेरगावचे एक हौशी संग्राहक हर्बेरियम बघायला आले, कौतुक केलं, चहा घेतला. पुढच्या पावसाळ्यात सर गेले तर त्या उतारावर खड्डेच खड्डे होते. शोभेच्या झाडांच्या बाजारात अशा वेलीला मागणी असते, हे सरांना नंतर कळलं.

त्या टेकडीच्या अलीकडे पीरटेक. वर एक लहान दर्गा, हिरवी चादर, चार कडुनिंब. तिथे कुणी कुदळ लावत नाही. कोणत्याच धर्माचा माणूस लावत नाही. पहिली चिठ्ठी सरांनी काढून टाकली आणि तिच्या जागी नव्या चिठ्ठीवर पीरटेक लिहिलं. पुढे दुर्मीळ झाड भेटलं की हीच रीत झाली. जागा एक टेकडी अलीकडे लिहायची, आणि खरी डोक्यात ठेवायची. वहीत नाही, कारण वही कुणीतरी वाचतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

मग ते जाळं आलं. देशोदेशीच्या संग्रहालयांनी आपापल्या झाडाझुडपांच्या, पक्ष्याप्राण्यांच्या नोंदी एकमेकांना जोडायच्या, म्हणजे कुठूनही कुणालाही त्या बघता येतील, असा तो उपक्रम. आमच्या कॉलेजनं त्यात नाव नोंदवलं. चिठ्ठ्या संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण रकाने भरायची सवय मला. सरांनी आधी तोंड वाकडं केलं. "माझी झाडं काय लगीनाला उभी हायती का, फोटो पाठवाया?"

त्यांचं मन एका दुपारी बदललं. परदेशातल्या एका जुन्या संग्रहालयातला कागद मी पडद्यावर उघडला. कन्नडच्या घाटातलं एक गवत. इंग्रजांच्या काळातल्या कुणा अधिकाऱ्यानं नेलेलं. सरांनी त्याच्याबद्दल नुसतं वाचलं होतं, बघायला मिळालं नव्हतं. ते चष्मा काढून पडद्याला नाक लावून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आमच्या रानातलं गवत. माझ्या आज्यानं बैलाला घातलं असंल. अन् मला बगाया समुद्रापलीकडं डोकवावं लागलं." मग म्हणाले, "त्यांनी दाखवलं. आता आपण कपाट लावून बसलो तर बरं दिसत नाय." दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या शेजारी बसून चिठ्ठ्या वाचून दाखवू लागले.

कंदीलपुष्पाच्या अकरा कागदांशी आलो तेव्हा मी अक्षांश-रेखांश विचारले. सरांनी नकाशावर पीरटेकावर बोट ठेवलं. मी त्यांना सांगितलं की जपायच्या वनस्पतींसाठी वेगळी सोय आहे, "जागा गुप्त ठेवली आहे" असं लिहिता येतं. सर हसले. "लपवलंय म्हणून लिव्हलं की माणूस शोधाया निघतो. राहू द्या पीराजवळ. तो राखतो."

मी टंकलं. नकाशावर पीरटेकावर ठिपके उमटले. सर त्यांच्याकडे बघत राहिले, लेकरू दुसऱ्याच्या घरी झोपवून आलेल्या माणसासारखे. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

शहर वाढत होतं. बाहेरून जाणाऱ्या रस्त्याला खडी-मुरूम हवा होता, त्यासाठी दोन्हींपैकी एक टेकडी घ्यायची होती. बाहेरगावची एक मंडळी सर्वेक्षणाला आली. उन्हाळ्यात आली, त्यामुळे जमिनीवर काही दिसणारच नव्हतं. त्यांनी जाळ्यावरच्या नोंदी बघितल्या. पीरटेकावर एका दुर्मीळ वनस्पतीचे ठिपके होते. घोडटेकावर एकही नव्हता. त्यांनी पीरटेक वगळावं आणि घोडटेक घ्यावं असं सुचवलं. त्यांचं काही चुकलं नाही.

तर तो बुधवार. सरांनी त्या दुपारी मला सगळं सांगितलं, खुर्चीच्या हातावरचा रंग नखानं खरवडत. मी एवढंच विचारलं, "अजून कोणत्या झाडांचं असं केलंय, सर?"

"आठवाया पाहिजे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोडटेकावर गेलो. पायथ्याच्या वस्तीवरची कोंडाबाई बरोबर होती. धनगराची, सरांच्याच वयाची, सरांना "मास्तर" म्हणणारी. उन्हानं टेकडी नागडी झाली होती. कोंडाबाई काठीनं दगड सारत चालली होती.

"मास्तर, तुमच्या कागदात नाय का लिव्हलं, कुठं हाय ती?"

"लिव्हलंय. पर अल्याडच्या टेकावर हाय म्हणून."

"मंग वाचणारा तिकडं जाईल अन् उपाशी माघारी यील," ती हसून म्हणाली. सर हसले नाहीत. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि ती पुढे चालू लागली.

एका सपाट दगडाशी ती बसली. तिच्या घरची रीत अशी की कंद काढला तर खालचा खायचा, वरचं टोक परत पुरायचं आणि खुणेला दगड ठेवायचा. दुष्काळात पोटाला दुसरं नसतानाही ती टोक पुरायची. तिनं कंद उकरून सरांच्या हातात दिला आणि टोक तोडून घ्यायला हात पुढे केला.

"ह्या बारीला टोक बी लागंल, कोंडाबाई. सायबाला दाखवायचंय."

तिनं हात मागे घेतला. मग तिनं रिकामा खड्डा बुजवला आणि त्यावर दगड ठेवला.

टेकडीबद्दलच्या हरकती ऐकणारा अधिकारी सरांचा विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, पाया पडला, खुर्ची दिली. सरांनी रुमाल सोडून कंद टेबलावर ठेवला आणि नाव सांगितलं. त्यानं कंद उलटून बघितला. मग हळू म्हणाला, "सर, फूल दाखवा, मग नाव सांगतो. तुम्हीच शिकवलंय."

"व्हय," सर म्हणाले. "बराबर शिकलास."

"फूल कधी येईल?"

"पाऊस झाल्यावर महिना-दीड महिन्यानं."

"काम पंधरा दिवसांत सुरू होतंय, सर." त्यानं फाइल उघडली, परत मिटली. "आणि हे बघा, आधी तुम्ही लिहिलं पीरटेक. आता म्हणताय घोडटेक. फाइलला मी कोणते साळुंके सर लावू?"

सरांनी कंद परत रुमालात बांधला. जिना उतरताना मला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. त्याच्या जागी मी असतो तर मीबी हेच विचारलं असतं."

काम सुरू व्हायच्या आधी सरांनी आणि कोंडाबाईनं मिळून सहा कंद आणखी काढले. मी म्हटलं, "पीरटेकावर लावले तर? झाडंही वाचतील आणि नोंदही खरी होईल." सर माझ्यावर कधी रागावले असतील तर तेवढंच.

"नोंद खरी कराया झाड हलवायचं? झाड असंल तिथं नोंद जाती, बाई. नोंद हाय तिथं झाड जात नसतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "अन् तिथं काळी माती हाय. कुजून जाईल. बगितलंय मी लावून." म्हणजे कधीतरी त्यांनी ते करून बघितलं होतं, आपलं खोटं खरं करायचा प्रयत्न. तो कधी केला, ते मी विचारलं नाही.

सातही कंद त्यांनी घरी कुंड्यांत लावले, घोडटेकाचाच मुरूम आणून. जूनच्या आधी टेकडीचा पूर्वेकडचा अर्धा भाग गेला होता.

त्यानंतरचे महिने सर हर्बेरियममध्ये बसून असायचे. त्या शास्त्रात एक नियम आहे. जुनी चिठ्ठी चुकलेली निघाली तरी ती खोडायची नाही, फाडायची नाही. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, आपली सही करायची. पुढच्यानं दोन्ही वाचाव्यात. तो नियम सरांनी आयुष्यात एकदाच, त्या पहिल्या चिठ्ठीच्या वेळी मोडला होता. अकरा कागदांवर त्यांनी अकरा नव्या चिठ्ठ्या लावल्या. बाकी सगळं आयुष्यभर इंग्रजीत लिहिलेल्या माणसानं या मराठीत लिहिल्या. "वर दिलेलं स्थळ मी जाणून खोटं लिहिलं होतं. खरं स्थळ घोडटेक. रं. सा." मी तेच जाळ्यावर शेरा म्हणून चढवलं.

आठवड्यात पोर्तुगालहून पत्र आलं. मार्ता नावाच्या संशोधिकेनं सरांच्या नोंदी वापरल्या होत्या. दुष्काळ वाढत गेले तर अशी झाडं कुठे तग धरतील, याचं गणित ती मांडत होती. शेऱ्यातला मजकूर तिनं कुणाकडून तरी वाचून घेतला होता. तिनं लिहिलं की आता तिचं गणित तिला जमतं आहे. ही वेल काळ्या मातीत कशी, हे तिला आधीच खटकत होतं. मग एक प्रश्न होता. सरांच्या इतर नोंदींवर विश्वास ठेवायचा का? नियमाप्रमाणे तिला सगळ्यांवर "संशयास्पद" अशी खूण सुचवावी लागेल. हे लिहायला तिला फार वाईट वाटत होतं.

मी ते सरांना वाचून दाखवताना मधेच थांबले.

"वाचा की," सर म्हणाले. ऐकून झाल्यावर मान हलवली. "मार्ताबाईनं विचारलं, हे लई मोठं केलं. लिव्हा तिला, खूण करा म्हणावं."

"सगळ्यांवर, सर? हजारो आहेत. त्यातल्या कितीतरी खऱ्याच आहेत."

"कोणत्या?"

ते माझ्याकडे बघत होते. चेष्टा नव्हती ती. त्यांना ते खरंच माझ्याकडून हवं होतं.

तेव्हा मला कळलं की ते रोज तिथे काय करत होते. कपाटातला एकेक कागद काढून समोर ठेवायचा आणि आठवायचं, हे झाड कुठे भेटलं होतं, चिठ्ठीतल्या जागीच की पलीकडे. वहीत न ठेवलेलं सगळं डोक्यात होतं आणि डोकं आता साथ देत नव्हतं. कधी लख्ख आठवायचं. एकदा एका शेंगेवरून त्यांना आठवलं की त्या दिवशी पायात काटा मोडला होता आणि खुलताबादच्या एका दुकानदारानं तो सुईनं काढला होता, म्हणजे जागा खुलताबादच्याच वरची, चिठ्ठीत आहे ती नाही. त्या दिवशी आनंदानं त्यांनी मला गूळ घातलेला चहा पाजला. पण बहुतेक दिवस ते कागद समोर ठेवून नुसते बसायचे, आणि संध्याकाळी तो कागद नव्या चिठ्ठीशिवाय परत कपाटात जायचा. वर्तमानपत्रं त्यांनी वाचायची सोडली होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जानेवारीतल्या एका शनिवारी. ग्रंथालय बंद करताना मी मागच्या खोलीत डोकावले. खिडकीतून ऊन येत होतं. टेबलावर एक गवत होतं. त्यांच्या बोटावर डिंक वाळलेला होता आणि हातात कोरी चिठ्ठी होती. मी म्हटलं, "निघायचं का, सर?"

"तुम्ही व्हा पुढं. हे गवत बोलायच्या बेतात हाय."

मी गेले. सोमवारी सकाळी काकूंचा, त्यांच्या पत्नीचा, फोन आला.

ती चिठ्ठी कोरीच होती. मी ती त्या गवताच्या कागदाला टाचणीनं लावून ठेवली आहे. टाचणी लावायची नसते, गंजते, हे मला माहीत आहे.

आता मीही निवृत्त झाले आहे. हर्बेरियमची किल्ली कार्यालयात आहे. जाळ्यावर सरांच्या नावासमोर हजारो नोंदी आहेत, आणि छत्तीस सोडून सगळ्यांवर "संशयास्पद" लिहिलेलं आहे. त्या छत्तीस त्यांना आठवल्या होत्या. घोडटेक नाही. कोंडाबाई मुलाकडे राहायला गेली.

कुंड्या काकूंच्या गच्चीत आहेत. दोन पावसाळे झाले, त्यांतून काही वर आलेलं नाही. हलवलेला कंद कधीकधी वर्ष-दोन वर्षं तसाच पडून राहतो, असं सर म्हणाले होते. आत आहे की कुजला, हे उकरल्याशिवाय कळत नाही. काकू उकरू देत नाहीत. नळाला पाणी येतं त्या दिवशी त्या प्रत्येक कुंडीत वाटीभर घालतात.